शर्यतीनंतरचे दोन शब्द

मोटारींच्या मोठ्या शर्यती ज्यांनीं दूरचित्रवाणीवर पाहिल्या आहेत, त्यांना पुढील देखावा परिचयाचा असेल. दीड-दोन तास चाललेली झुंज नुकतीच संपलेली असते. ताशीं तीनशें किलोमीटरच्या घरांतील वेगानें धांवणाऱ्या दोन गाड्या वीतभर अंतर राखून एकाच वळणांत शिरतांना आपण श्वास रोखून पाहिलेल्या असतात. गाडींतून उतरलेल्या चालकाच्या अंगांतील दोन-तीन किलो पाणी घामावाटे निघून गेलेलें असतें. मान आंखडलेली असते. या माणसाजवळ आतां कांहीं तरी विलक्षण सांगण्यासारखें असणार, असें वाटून आपण खुर्चींत पुढें सरकून बसतों. आणि तो सांगतो काय? गाडी चांगली होती, संघानें फार मेहनत घेतली, कारखान्यांतील सर्वांचे आभार, आतां लक्ष पुढच्या शर्यतीकडे. अर्ध्या मिनिटांत सारें आटोपतें. मागाहून हरलेला चालक येतो. तोहि जवळजवळ हेंच सांगतो. फक्त ‘चांगली’ या शब्दाच्या जागीं ‘अवघड’ हा शब्द येतो.

आपल्याकडील समारंभांत शेवटीं जें आभारप्रदर्शन होतें, त्याची मला अशा वेळीं हटकून आठवण होते. बोलणाराचें लक्ष काय सांगावें याकडे नसतेंच. कोणाचें नांव राहून गेलें तर काय होईल, एवढीच त्याला धास्ती असते.

या नीरसपणाचें एक सोपें कारण लोक सांगतात. ज्यांना गाडी हांकण्यापलीकडे कांहीं येत नाहीं, त्यांनीं बोलावें तरी काय, असें तें कारण. मला तें मान्य नाहीं. शर्यत चालू असतांना हेच चालक आपल्या अभियंत्यांशीं बिनतारी यंत्रावरून जें बोलतात, त्यांतील निवडक भाग अलीकडे प्रेक्षकांनाहि ऐकवितात. तेथें हीं माणसें रागावतात, चेष्टा करतात, आर्जवें करतात, आणि मागच्या डाव्या चाकाला काय झालें आहे हें अशा नेमकेपणानें सांगतात कीं एखाद्या वैद्यानें रोग्याची नाडी सांगावी. तोच माणूस पंधरा मिनिटांनीं ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला कीं ताकास तूर लागूं देत नाहीं. बोलण्याची शक्ति त्याच्यापाशीं आहे. ती झांकून ठेवण्याची कला त्याला शिकविली गेली आहे. ही कला एका दिवसांत सिद्ध झालेली नाहीं. तिला सुमारें साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तोच आज मला सांगावयाचा आहे.

चालकांची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १३ मे १९५० रोजीं इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोन येथें सुरू झाली. त्या काळीं गाड्यांवर देशाचा रंग असे : इंग्रजांचा हिरवा, इटालियनांचा तांबडा, फ्रेंचांचा निळा. तेलाच्या व टायरांच्या कंपन्या पैसा पुरवीत, नाहीं असें नाहीं. परंतु चालकाच्या छातीवर कोणाची पाटी नसे. मागच्या काळाला उगीच सोन्याचा मुलामा देण्याचें मात्र कारण नाहीं. त्या पिढींतले चालकहि सारे कांहीं वक्ते नव्हते. फरक इतकाच कीं, तो बोलत असतांना त्याच्या मागें दुसरें कोणी उभें नसे. बोलण्याची जोखीम त्याची एकट्याची, आणि त्या काळच्या रस्त्यांवर मरण्याची जोखीमहि त्याचीच. १९६१ सालीं चालकांनीं आपली संघटना स्थापन केली व स्टर्लिंग मॉस तिचा पहिला अध्यक्ष झाला. पुढें जॅकी स्ट्युअर्टनें १९६६ च्या बेल्जियममधील आपल्या अपघातानंतर रस्त्याकडेच्या झाडांविषयीं, खांबांविषयीं, अपुऱ्या वैद्यकीय सोयींविषयीं जाहीरपणें बोलावयास आरंभ केला. भ्याड म्हणून त्याची हेटाळणी झाली, पण त्याचें तोंड बंद करण्याची सोय कोणाच्या करारांत नव्हती.

१९६८ हें वर्ष या कथेंत महत्त्वाचें. त्या वर्षीं शर्यतीच्या गाड्यांवर बाहेरच्या धंद्यांच्या जाहिराती लावण्याची मोकळीक मिळाली, आणि लोटस संघानें आपला हिरवा रंग पुसून ‘गोल्ड लीफ’ या सिगारेटच्या पाकिटाचे तांबडा, पांढरा व सोनेरी हे रंग गाडीवर चढविले. त्याच वर्षीं ७ एप्रिल रोजीं जर्मनींतील हॉकेनहाइम येथें एका दुय्यम वर्गाच्या शर्यतींत जिम क्लार्क मरण पावला, तो याच रंगांच्या गाडींत. गाडीवरची पाटी लौकरच चालकाच्या अंगरख्यावर आली, मग टोपीवर, मग मनगटावरच्या घड्याळांत, मग हातांतल्या पाण्याच्या बाटलीवर. मुलाखत ही वस्तु येथें बदलली. पूर्वीं ती एका माणसाचें बोलणें होती. आतां ती भाड्यानें दिलेली जागा झाली. भाडें भरणाराला त्या जागेंत भांडण, शिवी किंवा निराशा कशी चालावी?

तरीहि पैसा आला आणि दुसऱ्याच दिवशीं तोंडें बंद झालीं, असें घडलें नाहीं. मध्यें एक दशक असें गेलें कीं पैसा आलेला होता, दूरचित्रवाणी येत होती, आणि चालक अद्याप जुन्या वळणाचेच होते. मुलाखतींचा सुकाळ तो हाच. १९७६ चा अजिंक्यवीर जेम्स हंट हा सिगारेट कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या संघांत होता, पण त्याला आवरणें त्या कंपनीच्या बापालाहि शक्य नव्हतें. २४ ऑक्टोबर १९७६ रोजीं जपानांत फुजी येथें तो तिसरा आला आणि एका गुणानें अजिंक्यपद जिंकला. पण तें त्याला ठाऊकच नव्हतें. टायर बदलण्याच्या बाबतींत संघानें घोळ घातला या समजुतीनें तो गाडींतून उतरला तोच संघप्रमुखावर ओरडत. समोरचा बिचारा तीन बोटें दाखवून ‘तूं तिसरा आहेस’ असें समजावीत होता, आणि हा त्याला शिव्या घालीत होता.

परंतु त्या दिवसाची खरी कथा हंटची नसून निकी लाउडाची आहे, व ती थोडी सविस्तर सांगणें मला अवश्य वाटतें. त्याच वर्षीं १ ऑगस्टला जर्मनींतील न्यूरबुर्गरिंग येथें लाउडाची फेरारी गाडी पेटली. चेहरा भाजला, फुप्फुसांत विषारी धूर गेला, धर्मगुरूनें अखेरचे संस्कारहि केले. तो माणूस बेचाळीस दिवसांनीं इटलींत मोंझा येथें पुन्हां गाडींत बसला व चौथा आला. फुजीच्या शर्यतीपूर्वीं तो हंटच्या तीन गुण पुढें होता. त्या दिवशीं पाऊस इतका होता कीं समोरचें दिसत नव्हतें, आणि भाजलेल्या पापण्यांमुळें त्याला डोळे नीट मिटतांहि येत नव्हते. दोन फेऱ्यांनंतर तो गाडी आंत घेऊन आला आणि थांबला. संघाचा मुख्य अभियंता माउरो फोर्घिएरी यानें त्याला एक वाट काढून दिली : इंजिन बिघडलें असें आपण जाहीर करूं. यांत दुष्टावा नव्हता, माणुसकी होती. लाउडानें ती नाकारली. या पावसांत गाडी चालविणें हा वेडेपणा आहे म्हणून मी थांबलों, असेंच त्यानें सांगितलें. अजिंक्यपद गेलें, इटलींतील वृत्तपत्रांनीं त्याला भित्रा ठरविलें, फेरारीशीं त्याचें मन तुटलें. पुढच्या वर्षीं अजिंक्यपद परत मिळवून हंगाम संपण्यापूर्वींच तो संघ सोडून गेला.

इंजिन बिघडलें : हे दोन शब्द उच्चारले असते तर कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. आज आपण ज्या मुलाखती ऐकतों, त्या बहुधा फोर्घिएरीनें देऊं केलेल्या त्या दोन शब्दांच्या वंशांतल्या आहेत. त्या खोट्याच असतात असें नाहीं. पण सर्वांची सोय पाहून बेतलेल्या असतात.

१९८२ चें वर्ष उजाडलें तें संपानें. दक्षिण आफ्रिकेंतील क्यालामी येथल्या शर्यतीपूर्वीं चालकांसमोर नव्या परवान्याचे कागद आले. त्यांतील कलमें चालकाला वर्षानुवर्षें एका संघाशीं जखडून ठेवणारीं आहेत, हें लाउडानें ओळखलें. मग लाउडा आणि दिदिए पिरोनी यांच्या पुढाकारानें चालक एका बसमध्यें बसून जोहान्सबर्गमधील एका हॉटेलांत गेले व एका दिवाणखान्यांत गाद्या टाकून रात्रभर एकत्र राहिले. एलिओ द आंजेलिस पियानो वाजवीत होता. शर्यत अखेर झाली, चालकांना मागाहून दंड झाले, आणि त्यांची संघटनाहि त्याच वर्षीं मोडली. ती पुन्हां उभी राहिली ती सेनाच्या मृत्यूच्या वर्षीं, म्हणजे १९९४ सालीं. मधल्या बारा वर्षांत प्रत्येक चालक आपापल्या करारासमोर एकटा होता, हें पुढील हकीकती ऐकतांना ध्यानांत असूं द्यावें.

त्याच वर्षीं २५ एप्रिलला इमोला येथें पिरोनीनें संघाचा संकेत डावलून आपल्याच संघांतील जिल व्हिलनवला मागें टाकलें. यापुढें पिरोनीशीं एक शब्दहि बोलणार नाहीं, असें व्हिलनवनें उघड सांगितलें. तेरा दिवसांनीं बेल्जियममध्यें झोल्डर येथें तो मेला. त्याचें तें बोलणें अजून लोकांच्या ध्यानांत आहे, कारण त्यांत त्यानें कांहींहि हातचें राखलें नव्हतें.

हातचें न राखणाराचें काय होतें, हें अलां प्रोस्त या अत्यंत विचारी चालकानें दोनदां अनुभवलें. १९८३ सालीं तो रेनो संघाकडून दोन गुणांनीं अजिंक्यपदास मुकला. गाडी सुधारण्याच्या कामांत संघ मागें पडला हें त्यानें बोलून दाखविलें, आणि थोड्याच दिवसांत त्याला नारळ मिळाला. १९९१ सालीं तो फेरारींत होता. ऑक्टोबरमध्यें जपानांतील सुझुका येथल्या शर्यतीनंतर त्यानें आपली गाडी मालमोटारीसारखी चालते असें म्हटलें. तेवढें पुरलें. वर्षाची शेवटची शर्यत राहिली होती, ती देखील त्याला चालवूं दिली नाहीं. तीन वेळां अजिंक्यवीर झालेल्या माणसाची एका उपमेसाठीं ही गत झाली, तर विशीच्या पोरानें काय धडा घ्यावा?

प्रोस्तचा प्रतिस्पर्धी आयर्टन सेना याची हकीकत निराळी आहे, आणि ती सांगतांना माझ्याच प्रतिपादनाला थोडी मुरड घालावी लागते. १९९० सालीं सुझुकाच्या पहिल्याच वळणावर सेनाची गाडी प्रोस्तच्या गाडीवर आदळली व अजिंक्यपद सेनाकडे गेलें. पुढच्या शर्यतीच्या वेळीं ऑस्ट्रेलियांत जॅकी स्ट्युअर्टनें त्याची मुलाखत घेतली. स्ट्युअर्ट स्वतः तीन वेळांचा अजिंक्यवीर. इतर अजिंक्यवीरांपेक्षां तुझ्या टकरी इतक्या जास्त कां, असें त्यानें तोंडावर विचारलें. सेना भडकला, फट दिसली कीं घुसणें हाच शर्यतपटूचा धर्म, असें त्यानें ठणकावलें. या खेळांतील सर्वांत गाजलेली मुलाखत ती हीच असावी. प्रश्न विचारणारा जाणता असला व भीड बाळगणारा नसला, तर उत्तर कसें येतें याचा तो नमुनाच. पण पुढच्या वर्षीं त्याच सुझुकांत तिसरें अजिंक्यपद मिळाल्यावर सेनानें पत्रकारांपुढें कबूल केलें कीं, १९९० मध्यें प्रोस्त पुढें निघाला तर पहिल्या वळणावर माघार घ्यावयाची नाहीं, हें त्यानें आधींच ठरविलें होतें. म्हणजे स्ट्युअर्टला दिलेलें तें तेजस्वी उत्तर पूर्ण सत्य नव्हतें! बोलणें रसाळ असलें म्हणजे तें खरें असतेंच असें नाहीं, हें त्या मुलाखतीचे गोडवे गाणारे बहुधा विसरतात.

असो. यानंतर नियामक मंडळानेंहि शब्दांकडे बारकाईनें पाहण्यास सुरुवात केली. जिलचा मुलगा जाक व्हिलनव यानें १९९७ सालीं पुढील हंगामाच्या नियमांविषयीं एका जर्मन साप्ताहिकांत असभ्य शब्द वापरला, म्हणून कॅनडांत त्याच्या घरच्या शर्यतीचा आठवडा चालू असतांना त्याला पॅरिसला बोलावून समज देण्यात आली. नियम वाईट आहेत कीं चांगले, ही चर्चा बाजूला राहिली.

तरीहि तोंडाला खरें कुलूप बसलें तें पुराव्याच्या भीतीनें, असें माझें मत आहे. २९ मार्च २००९ रोजीं मेलबर्नच्या शर्यतीच्या अखेरीस सर्व गाड्या संरक्षक गाडीमागें हळू चालल्या असतांना यार्नो ट्रुली रस्त्याबाहेर घसरला. लुइस हॅमिल्टन त्याच्यापुढें गेला, व मागाहून संघाशीं बोलून त्यानें ट्रुलीला पुन्हां पुढें जाऊं दिलें. शर्यत संपतांच पत्रकारांनीं विचारलें तेव्हां हॅमिल्टननें घडलें तसें सांगून टाकलें. थोड्या वेळानें पंचांसमोर मात्र त्यानें व संघाच्या अधिकाऱ्यानें वेगळेंच चित्र उभें केलें, आणि ट्रुलीला दंड झाला. पंचांनीं मग बिनतारी संभाषण ऐकलें आणि ती मुलाखतहि ऐकली. २ एप्रिलला मलेशियांत हॅमिल्टनचा निकाल रद्द झाला, संघाच्या अधिकाऱ्याची नोकरी गेली, आणि चोवीस वर्षांच्या अजिंक्यवीराला पत्रकारांपुढें जाहीर माफी मागावी लागली. यांतली मौज, मौज म्हणावी तर, अशी कीं त्यानें पत्रकारांना सांगितलें तें खरें होतें. अडकला तो खऱ्या बोलण्यामुळेंच. वास्तविक यावरून पंचांपुढें खोटें बोलूं नये असा बोध व्हावयाचा. पण सर्व संघांनीं घेतलेला बोध असा दिसतो कीं, पंचांपुढें जाण्याआधीं पत्रकारांना कांहींच सांगूं नये.

एक वर्ष आधीं सिंगापूरला धाकट्या नेल्सन पिकेची गाडी भिंतीवर आदळली होती. साधी चूक झाली, असें तो म्हणाला होता. संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम केलेला तो अपघात होता, हें २००९ मध्यें बाहेर आलें. २०१० सालीं जर्मनींत फेलिपे मासाला त्याच्या अभियंत्यानें, फर्नांदो तुझ्यापेक्षां वेगवान आहे, संदेश समजला का, असें बिनतारीवरून विचारलें. मासानें वाट दिली, आणि नंतरच्या पत्रकारपरिषदेंत हा माझाच निर्णय होता असें सांगितलें. ऐकणारांतील एकाचाहि त्यावर विश्वास बसला नसेल. संघाला एक लक्ष डॉलर दंड झाला.

आतां प्रश्न विचारणारांकडेहि थोडें पाहूं. शर्यतीनंतर चालकाला कठड्यांनीं आंखलेल्या एका जागेंत नेतात. तेथें निरनिराळ्या देशांच्या वाहिन्यांचे प्रतिनिधि रांगेनें उभे असतात. चालक एकापुढून दुसऱ्यापुढें सरकतो, व त्याच्याबरोबर संघाचा प्रसिद्धि-अधिकारी आपलें ध्वनिमुद्रक यंत्र पुढें धरून चालत असतो. प्रत्येकाला एक-दोन प्रश्न मिळतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : काय वाटतें? दहा वेळां काय वाटतें असें विचारल्यावर वाटण्यासारखें उरतें काय? त्यांत फिन, स्पॅनिश, जपानी, सर्वांनीं इंग्रजींत बोलावयाचें. परक्या भाषेंत रोजचीं घोटलेलीं वाक्यें हाच सुरक्षित आसरा. शिवाय प्रतिस्पर्धी संघ कान टवकारून ऐकत असतात. गाडी कोठें कमी पडली हें सांगणें म्हणजे घरचा भेद सांगणें. टायरांना नांवें ठेवावीं तर विजेत्याच्या डोक्यावरची टोपी त्याच टायरवाल्याची!

या चाकोरींतून सुटण्यासाठीं १९९७ मध्यें मार्टिन ब्रंडल या माजी चालकानें इंग्रजी वाहिनीसाठीं एक युक्ति काढली. शर्यत सुटण्यापूर्वीं गाड्यांच्या रांगांमधून तो ध्वनिक्षेपक घेऊन हिंडे व दिसेल त्याला बोलतें करी. २००६ सालीं ब्राझीलमध्यें निवृत्त होणाऱ्या शूमाखरचा फुटबॉलपटु पेलेच्या हस्तें सत्कार झाला. त्याला किमी रायकोनेन हजर नव्हता. कां नव्हतास, असें ब्रंडलनें विचारतांच, आपण शौचास गेलों होतों असें त्यानें शांतपणें सांगितलें, आणि तें देखील मीं वापरला त्याहून बऱ्याच उघड्या शब्दांत. साऱ्या शर्यतविश्वांत मितभाषी म्हणून प्रसिद्ध असलेला हा फिनलंडचा गृहस्थ लोकांना इतका प्रिय कां, याचें उत्तर यांत आहे. तो कमी बोले, पण बोले तें त्याचें स्वतःचें असे.

अलीकडील प्रकरण मात्र विनोदाच्या पलीकडे गेलें. सप्टेंबर २०२४ मध्यें सिंगापूरच्या पत्रकारपरिषदेंत मॅक्स व्हर्स्टापेननें आधींच्या शर्यतींतील आपल्या गाडीविषयीं एक अपशब्द वापरला. पंचांनीं त्याला लोकोपयोगी काम करण्याची शिक्षा दिली. पुढच्या पत्रकारपरिषदांना तो नियमाप्रमाणें हजर राहिला, प्रत्येक प्रश्नाला दोन-चार शब्दांत उत्तर दिलें, आणि मग बाहेर येऊन पत्रकारांशीं उभ्याउभ्या मनमोकळें बोलला! पुढच्याच महिन्यांत मेक्सिकोंत उच्चारलेल्या अशाच शब्दासाठीं शार्ल लक्लेरला मागाहून दहा हजार युरो दंड झाला, त्यांतील निम्मा तहकूब. नोव्हेंबरमध्यें चालकांच्या संघटनेनें जाहीर पत्र काढून, आम्हांला प्रौढ माणसांसारखें वागवा अशी मागणी केली. जानेवारी २०२५ मध्यें मंडळानें त्याला उत्तर दिलें तें दंडाचें कोष्टक छापून. या वरिष्ठ वर्गांतील चालकाला पहिल्या वेळीं चाळीस हजार युरो. तिसऱ्यांदा तें केल्यास एक लक्ष वीस हजार युरो आणि महिनाभर बंदी.

फेब्रुवारीमध्यें स्वीडनमधील रॅलींत फ्रान्सच्या आद्रियां फूर्मोला दूरचित्रवाणीच्या मुलाखतींतील एका शब्दासाठीं दंड झाला. रॅलीचे चालक मग एक झाले. मार्चमध्यें केनियांतील सफारी रॅलींत त्यांनीं ठरविलें कीं, टप्प्याच्या शेवटीं ध्वनिक्षेपक पुढें आला तर एक तर गप्प बसावयाचें, नाहीं तर आपल्या मातृभाषेंत बोलावयाचें. धुळीनें माखलेल्या गाड्या येऊन थांबत, खिडकीशीं ध्वनिक्षेपक जाई, आणि कोणी मान हालवून पुढें निघे, कोणी आपल्या गांवच्या भाषेंत घडाघडा बोले. इंग्रज निवेदकाला त्यांतलें काय समजलें असेल तें असो. पण एरव्हीं इंग्रजींत तीन वाक्यें पुटपुटणारे हेच लोक तेथें चांगले लांबलचक बोलत होते. मे महिन्यांत मंडळानें दंडाची मूळ रक्कम निम्म्यावर आणली, आणि पत्रकारपरिषदेंत बसून उच्चारलेला शब्द व गाडीच्या धगींत तोंडून निसटलेला शब्द यांत यापुढें फरक करावा, असें पंचांना सांगितलें.